दोन डिस्कचा नास घेताय? आमच्या ऑफिसातला दीड वर्षाचा अनुभव, आणि एक्सेल सेव्ह का होत नव्हतं ते

नमस्कार. आमचं इचलकरंजीत टॅक्सचं ऑफिस आहे, सर सीए आहेत, दोन आर्टिकल (म्हणजे सीए शिकता शिकता काम करणारी मुलं), तीन अकाउंटंट, एक रिसेप्शनची मुलगी आणि मी, मी इथं सोळा वर्षं आहे आणि ऑफिसचं सगळं बघते, बिलं भरण्यापासून कॉम्प्युटरवाल्याला फोन करण्यापर्यंत. पार्ट्या, म्हणजे आमचे क्लायंट, बहुतेक यंत्रमागवाल्या, सायझिंगवाल्या (सुताला खळ लावणाऱ्या), थोडे सूत व्यापारी. एप्रिल २०२४ मध्ये आम्ही ऑफिससाठी दोन डिस्कचा नास घेतला, त्याला आता दीड वर्षाच्या वर झालं, म्हणून सविस्तर लिहितेय. ब्रँडचं आणि ज्यांनी बसवून दिला त्या दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण जो मोठा त्रास झाला तो मशीनचा नव्हता, एका चुकीच्या सेटिंगचा होता, आणि तीच चूक कुठल्याही कंपनीच्या नासवर, अगदी विंडोज सर्व्हरवरसुद्धा होऊ शकते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, नास म्हणजे छोटा डबा असतो, आत हार्डडिस्क, मागं लॅनची वायर, आणि ऑफिसातल्या सगळ्या पीसीवर तो झेड ड्राइव्ह किंवा असाच कुठला तरी ड्राइव्ह म्हणून दिसतो. आमच्यात ४ टीबीच्या दोन डिस्क आहेत पण वापरायला ४ टीबीच मिळतात कारण एकावर जे लिहिलं जातं तेच दुसऱ्यावर जातं, ह्याला रेड १ म्हणतात, एक डिस्क गेली तरी काम चालू राहतं. विंडोजमध्ये ते ३.६ टीबीच्या आसपास दिसेल, घाबरू नका, कंपनी हजाराच्या हिशोबानं मोजते आणि विंडोज १०२४ च्या. डिस्कसकट बिल ४२ हजारांच्या घरात गेलं.

ह्याच्या आधी काय होतं तर सरांच्या केबिनमधल्या पीसीवर एक फोल्डर शेअर केलेला. सर रात्री निघताना पीसी बंद करणार, आणि मागं बसलेल्यांचं काम अडकणार. त्यामानानं नास म्हणजे फार मोठा दिलासा, चोवीस तास चालू, आवाज अगदी कमी, लाइटचं बिल काही वाढलेलं जाणवलं नाही.

पहिले पाच महिने तर मी सगळ्यांना सांगत सुटले होते की घ्या म्हणून. मग गणपतीत काय झालं ते सांगते.

आमच्या एका नवीन मुलाकडून २०२३-२४ च्या फोल्डरमधला एका पार्टीचा अख्खा फोल्डर डिलीट झाला. मुद्दाम नाही, माऊसनं ओढताना दुसरीकडं गेला आणि मग ते निस्तरायला जाऊन उडाला. बॅकअप होता म्हणून वाचलो, पण सर फार अस्वस्थ झाले आणि त्यांनी दुकानाला फोन करून सांगितलं की माझ्याशिवाय कुणालाही काहीही डिलीट करता येता कामा नये. त्यांचं म्हणणं रास्तच होतं, लोकांच्या आयुष्याचे हिशोब असतात त्यात. १४ सप्टेंबरला, शनिवारी, दुकानातला मुलगा आला, नासच्या स्क्रीनवर जाऊन २०२३-२४ च्या फोल्डरवर आमच्या सगळ्यांच्या नावापुढची डिलीटची टिक काढली, एक पीडीएफ टाकून दाखवली, डिलीट करून दाखवली, डिलीट होत नव्हती, "झालं बघा मॅडम, आता काय चिंता नाही" म्हणून चहा घेऊन गेला.

सोमवारी सकाळपासून सुरू झालं. एक्सेलची फाइल उघडायची, दोन आकडे बदलायचे, सेव्ह केलं की मेसेज. तुमचे बदल ह्या फाइलमध्ये सेव्ह होऊ शकले नाहीत पण अमुक नावाच्या तात्पुरत्या डॉक्युमेंटमध्ये सेव्ह केलेत, आणि ते अमुक नाव म्हणजे काहीतरी आठ अक्षरं-आकड्यांची खिचडी. वर्डला वेगळा मेसेज, फाइल परमिशन एररमुळे सेव्ह पूर्ण करता येत नाही. कुणाला शेअरिंग व्हायोलेशन. आता सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा, टॅक्स ऑडिटची ३० तारीख डोक्यावर, आणि मंगळवारी अनंत चतुर्दशी. ज्यांनी टॅक्सच्या ऑफिसात हे दिवस काढलेत त्यांना सांगायला नको.

आणि गोंधळ असा की सगळीकडं होत नव्हतं. २०२४-२५ च्या जीएसटीच्या फाइली व्यवस्थित सेव्ह व्हायच्या. २०२३-२४ मध्ये पीडीएफ टाकली तर जायची. नोटपॅडची फाइल उघडून बदलून सेव्ह केली तर तीही व्हायची. फक्त एक्सेल आणि वर्ड नाही. त्यामुळं साहजिकच सगळ्यांना वाटलं की ऑफिस सॉफ्टवेअर बिघडलंय. दुकानाला फोन केला तर त्यांनीही तेच सांगितलं. मग पुढचे दहा दिवस आम्ही काय काय नाही केलं. एका पीसीवरचं ऑफिस काढून परत टाकलं, अर्धा दिवस गेला. अँटिव्हायरस बंद करून बघितला. वायरी बदलल्या, नवीन क्रिंपिंग केलं. सगळ्या पीसींच्या वायरी ज्या डब्यात जोडतात तो स्विच जुना १०० एमबीपीएसचा होता, तो काढून गिगाबिटचा आणला, त्याचा मात्र फायदा झाला, आधी मोठी फाइल सेकंदाला ११-१२ एमबीनं जायची ती आता शंभरच्या वर जाते, पण सेव्हचा प्रश्न तिथंच.

त्यातच २०२३-२४ च्या फोल्डरमध्ये बिनएक्स्टेन्शनच्या, म्हणजे नावाच्या शेवटी डॉट एक्सएलएसएक्स वगैरे नसलेल्या, फाइली साठायला लागल्या. पांढरा कोरा आयकॉन, नाव ९एफ३सी२१०० असलं काहीतरी. एका फोल्डरमध्ये सात, दुसऱ्यात अकरा. डिलीट करायला गेलं तर डिलीट होत नाहीत. आमच्या आर्टिकलनं ते बघितलं आणि म्हणाला मॅडम हे रॅन्समवेअर असणार, म्हणजे फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस. माझ्या पोटात गोळा आला. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्रायनं जगभर काय केलं ते आठवत होतं, तेव्हा आम्ही दोन दिवस नेट काढून ठेवलं होतं. मी नासची वायर काढली, सगळ्यांना हात वर करायला सांगितले, बाहेरून माणूस बोलावून स्कॅन केलं, काही निघालं नाही. दोन तास अख्खं ऑफिस बसून.

सगळ्यात वाईट २६ तारखेची रात्र. आमच्याकडची एक मुलगी एका सायझिंगचा डेप्रिसिएशनचा (घसाऱ्याचा) चार्ट करत होती, २१२ ओळी, प्रत्येक मशीनची तारीख, बिल, १८० दिवसांच्या वर वापरलं की कमी, हे सगळं हातानं बघून भरायचं. तीन तास काम केलं, साडेनऊला सेव्ह केलं, तो मेसेज आला, दिवसभरात पन्नास वेळा आलेला मेसेज म्हणून तिनं ओके केलं, परत सेव्ह केलं, परत तेच, एक्सेल बंद करताना सेव्ह करायचं का विचारलं तर चुकून नको दाबलं. फाइल उघडली तर दुपारचीच. ती रडायलाच लागली. तिची काही चूक नव्हती, आणि हे मला ठासून लिहायचंय कारण असल्या वेळी ऑफिसात पहिलं बोट कॉम्प्युटरवर बसलेल्या माणसाकडंच जातं. मी आणि तिनं मिळून रात्री एकपर्यंत तो चार्ट डेस्कटॉपवर परत केला.

दुसऱ्या दिवशी मी एक गोष्ट बघितली जी आधीच बघायला हवी होती. सरांनी त्यांच्या पीसीवरून तीच फाइल उघडून सेव्ह केली, झाली. मग मी सरांचं नासचं लॉगिन माझ्या पीसीवर टाकलं, तर माझ्या पीसीवरूनही झाली. म्हणजे पीसी नाही, एक्सेल नाही, वायर नाही, स्विच नाही. लॉगिन. असा प्रश्न आला की पहिलं हे करा, पैसे लागत नाहीत, पाच मिनिटांत कळतं की दोष मशीनचा की परमिशनचा.

आमच्या एका जुन्या आर्टिकलचा भाऊ एका मोठ्या सूतगिरणीत नेटवर्कचं बघतो, त्याला शनिवारी बोलावलं. त्यानं आल्यावर एक्सेल उघडलंच नाही. माझ्या लॉगिननं त्या फोल्डरमध्ये राइट क्लिक करून नवीन टेक्स्ट फाइल केली, झाली. "ताई, आता हिचं नाव बदला." बदलेना. "डिलीट करा." होईना. म्हणाला, झालं, सापडलं. एवढ्यावर सापडलं म्हणजे काय हे मला कळेना म्हणून मी त्याला बसवून विचारलं, आणि त्यानं जे सांगितलं ते मला वाटतं प्रत्येक ऑफिसात माहीत असायला पाहिजे.

आपल्याला वाटतं सेव्ह म्हणजे उघडलेल्या फाइलमध्येच नवीन आकडे लिहिले जातात, वहीत खोडून लिहावं तसं. नोटपॅड तसंच करतं. एक्सेल तसं करत नाही. एक्सेल त्याच फोल्डरमध्ये आधी एक नवीन फाइल तयार करतं, तिला कसलं तरी आठ अक्षरी नाव देतं, एक्स्टेन्शन देत नाही, आणि तुमची सगळीच्या सगळी वर्कबुक त्या नवीन फाइलमध्ये लिहितं. ते पूर्ण झालं की जुनी फाइल डिलीट करतं. आणि मग नव्या फाइलला जुन्या फाइलचं नाव देतं. वर्डचंही थोड्या फरकानं असंच, तेही तात्पुरती फाइल करतं आणि नावांची अदलाबदल करतं. हे मुद्दाम असं केलेलं आहे, कारण लिहिता लिहिता मध्येच लाइट गेली तर निदान जुनी फाइल तरी धड राहावी. इचलकरंजीत राहणाऱ्या माणसाला ह्याची किंमत कळते.

पण ह्याचा अर्थ असा की सेव्ह करणाऱ्या माणसाला त्या फोल्डरमध्ये डिलीट करायची परवानगी लागते. लागतेच. नाव बदलायलासुद्धा सिस्टीमच्या दृष्टीनं डिलीटचीच परवानगी लागते, कारण जुनं नाव तिथून जातं ना. आमच्याकडं नवीन फाइल करायची परवानगी होती, लिहायची होती, डिलीटची काढलेली. मग एक्सेल नवीन फाइल तयार करायचं, सगळं लिहायचं, आणि शेवटच्या पायरीवर अडकायचं. जुनी फाइल जागेवर, नवी फाइल आठ अक्षरी नावानं तिच्या शेजारी पडून. त्या व्हायरस वाटलेल्या फाइली ह्याच.

हे ऐकलं आणि मी त्याला तिथंच विचारलं, मग आमचं काम त्या फाइलींमध्ये आहे का? तर म्हणाला असणार की. एक फाइल डेस्कटॉपवर कॉपी केली, कारण झेडवर नाव बदलताच येत नव्हतं, नावापुढं डॉट एक्सएलएसएक्स लावलं, डबल क्लिक केलं, उघडली. मी त्या मुलीला बोलावलं. अशा ४३ फाइली होत्या, आम्ही दोघींनी वेळ बघून एकेक उघडली, २६ तारखेच्या रात्री ९ वाजून ३४ मिनिटांची फाइल सापडली, २१२ च्या २१२ ओळी. आम्ही रात्री केलेल्या चार्टशी ताडून बघितला, एका लूमच्या तारखेत आम्ही घाईत चूक केली होती ती त्यात बरोबर होती. आदल्या दिवशीच त्या सगळ्या फाइली सरांच्या लॉगिननं पुसून टाकायचं ठरलं होतं, वेळ मिळाला नाही म्हणून राहिल्या. त्यामुळं कुणाच्या शेअर ड्राइव्हवर असल्या फाइली दिसल्या तर लगेच उडवू नका, आधी एक कॉपी काढून उघडून बघा.

मग त्यानं सेटिंग कसं लावून दिलं ते सांगते कारण सरांची काळजीही खरी होती. आम्हाला सगळ्यांना फाइली आणि आतल्या फोल्डरवर मॉडिफाय दिलं, त्यात डिलीट येतंच. पण वर्षाचा जो सगळ्यात वरचा फोल्डर आहे, २०२३-२४, २०२४-२५, तो स्वतः आम्हाला डिलीट करता येत नाही किंवा त्याचं नाव बदलता येत नाही. म्हणजे अख्खं वर्ष कुणाकडून उडायचा धोका गेला. त्याखाली नासचं रिसायकल बिन चालू केलं, नेटवर्कवरून डिलीट केलेली फाइल तुमच्या पीसीच्या रिसायकल बिनमध्ये येत नाही हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, नासवर ते वेगळं चालू करावं लागतं. आणि स्नॅपशॉट लावले, दर दोन तासांनी फोल्डर जसा असेल तसा लक्षात ठेवला जातो, मागच्या वेळेची फाइल परत काढता येते. आमच्या मॉडेलमध्ये हे आहे, काही स्वस्त मॉडेलमध्ये नसतं, घेताना नक्की विचारा, दोन-चार हजार जास्त गेले तरी चालतील पण स्नॅपशॉट असलेलाच घ्या असं माझं स्पष्ट मत आहे. एक बारीक गोष्ट, रिसायकल बिनमध्ये ऑफिसच्या तात्पुरत्या फाइलींचा ढीग साठतो कारण प्रत्येक सेव्हला काहीतरी डिलीट होतच असतं, म्हणून ३० दिवसांनी आपोआप रिकामं होईल असं लावलंय.

रविवारी २९ तारखेला टॅक्स ऑडिटची मुदत ७ ऑक्टोबरपर्यंत वाढली. आम्ही त्या दिवशी ऑफिसात होतो. पहिल्यांदा सगळे लवकर घरी गेलो.

आता बाकीचे अनुभव, जे लहान आहेत पण घेणाऱ्याला उपयोगी पडतील.

फाइल लॉक्ड फॉर एडिटिंग हा मेसेज आमच्याकडं आठवड्याला एकदा तरी येतो आणि बऱ्याचदा ज्याच्या नावानं लॉक दाखवतो तो माणूस घरी असतो. तुम्ही फाइल उघडली की वर्ड-एक्सेल तिथंच एक छोटी लपलेली फाइल करतं, नावाच्या सुरुवातीला लाटेसारखी खूण आणि डॉलर असतो, त्यात उघडणाऱ्याचं नाव असतं, म्हणून दुसऱ्याला ते नाव दिसतं. फाइल नीट बंद केली की ती जाते. लाइट गेली, पीसी लटकला, लॅपटॉपचं झाकण तसंच बंद केलं, तर ती मागं राहू शकते. उपाय म्हणजे आधी खरंच कुणी उघडलेली नाही ना ते विचारायचं, मग नासच्या स्क्रीनवर चालू कनेक्शन आणि उघड्या फाइली दिसतात तिथून ते बंद करायचं, आणि तरी नाही गेलं तर ती लपलेली फाइल काढायची. विचारल्याशिवाय मात्र करू नका, दोघांचं काम एकमेकांवर जाईल. आणखी एक कारण आम्हाला फार उशिरा कळलं, एक्सप्लोररमध्ये उजव्या बाजूला प्रिव्ह्यूची खिडकी चालू असते, फाइलवर नुसतं एक क्लिक केलं तरी ती फाइल तिथं उघडली जाते आणि दुसऱ्याला अडवू शकते. आम्ही सगळ्या पीसीवर ती बंद केली तेव्हापासून हे मेसेज निम्म्यावर आले.

लांब नावांचा प्रश्न. आमच्याकडं फोल्डरला पार्टीचं पूर्ण नाव, प्रायव्हेट लिमिटेडसकट, मग वर्ष, मग टॅक्स ऑडिट, मग वर्किंग, मग परत पार्टीचं नाव आणि फायनल, फायनल नवीन, फायनल सरांनी बघितलेली. विंडोजची जुनी मर्यादा २६० अक्षरांची, पण एक्सेलची त्याहून कमी आहे, ड्राइव्हपासून फाइलच्या नावापर्यंत सगळं धरून २१८. फोल्डरमध्ये फाइल दिसते पण एक्सेलमध्ये उघडत नाही किंवा सेव्ह होत नाही असं झालं की आधी नावं मोजा. आम्ही आता प्रत्येक पार्टीला पाच अक्षरी कोड दिलाय, सुरुवातीला सगळे कुरकुरले, आता कुणाला जुनं नको.

ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा सपोर्ट संपला, १४ तारखेला, म्हणून आम्ही दोन नवीन पीसी घेतले विंडोज ११ प्रोचे. त्यावर झेड ड्राइव्हच लागेना. कारण आमच्याकडं रिसेप्शनच्या पीसीसाठी गेस्टनं, पासवर्डशिवाय जाता येईल असं एक शेअर ठेवलेलं, स्कॅन वगैरेसाठी, आणि नवीन पीसी तेच वापरायला बघत होते. विंडोज ११ च्या २४एच२ ह्या अपडेटपासून प्रो आवृत्तीत शेअरशी बोलताना सही, म्हणजे साइनिंग, सक्तीचं केलंय, आणि गेस्टला पासवर्डच नाही तर सही होणार कशी. हे सुरक्षेसाठीच आहे आणि बरोबरच आहे. दुकानातून फोनवर सांगितलं की ते सेटिंग बंद करून टाका. मी नाही केलं. प्रत्येकाला स्वतःचं नाव आणि पासवर्ड दिला, दहा मिनिटांचं काम, आणि आता कुठली फाइल कुणी बदलली हेही कळतं.

स्कॅनरचंही तसंच. आमचं झेरॉक्स-स्कॅनचं मशीन जुनं, ते फक्त एसएमबी १, म्हणजे शेअर फोल्डरशी बोलायची जुनी पद्धत, जाणतं, नासवर एसएमबी १ बंद आहे म्हणून स्कॅन फोल्डरमध्ये येईना. परत सल्ला तोच, एसएमबी १ चालू करा. अहो, वॉनाक्राय त्याच्यातल्याच भोकातून शिरला होता, आणि त्याच वर्षाच्या शेवटी आलेल्या विंडोज १० पासून तर ते नव्या मशीनवर आपोआप टाकणंही थांबलं. एका स्कॅनरसाठी अख्ख्या ऑफिसचं दार उघडं ठेवायचं का? आम्ही स्कॅनसाठी एक वेगळा फोल्डर केला आणि त्या मशीनला एफटीपीनं, म्हणजे फाइल पाठवायच्या दुसऱ्या एका पद्धतीनं, फक्त त्याच फोल्डरमध्ये पाठवायला लावलं. चाललंय.

जे नास करू शकत नाही तेही सांगते, कारण दुकानवाले हे सांगत नाहीत. दोघांनी एकाच वेळी एकाच एक्सेलमध्ये लिहायचं, ते शेअर ड्राइव्हवर होत नाही, दुसऱ्याला फाइल रीड-ओन्ली उघडते किंवा थांबावं लागतं. ते हवं असेल तर वनड्राइव्ह, शेअरपॉइंट किंवा गुगल शीट्सकडं जा. वायफायवरून लॅपटॉपवर मोठी फाइल उघडून काम करू नका, मध्ये सिग्नल गेला की सेव्ह अर्धवट, आमच्या सरांना आता लॅपटॉपलाही वायर लावायची सवय झालीय. आणि रेड १ हा बॅकअप नाही, एका डिस्कवर डिलीट केलेलं त्याच क्षणी दुसरीवरही डिलीट होतं. आम्ही दर शुक्रवारी एका बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी काढतो, ती सरांच्या घरी जाते.

यूपीएस घ्याच, आणि त्याची यूएसबी वायर नासला जोडा, नुसता प्लग लावून उपयोग नाही. वायर जोडली की लाइट जाऊन बॅटरी उतरत आली हे नासला कळतं आणि तो आपला आपण नीट बंद होतो. आमच्याकडं उन्हाळ्यात हे चार-पाच वेळा झालं, एकदाही फाइल खराब झाली नाही.

मशीनला मी पाचपैकी साडेचार देईन, अर्धा कापते तो परमिशनच्या स्क्रीनसाठी, डिलीटची टिक काढताना तिथं एक ओळ जरी असती की ह्यामुळं वर्ड-एक्सेलच्या फाइली सेव्ह होणार नाहीत, तर आमचे बारा दिवस वाचले असते. बसवून देणाऱ्या दुकानाला दोन, आणि तेही लगेच फोन उचलतात म्हणून. त्यांनी तपासलं ते फक्त पीडीएफ टाकून, एक्सेल सेव्ह करून बघितलंच नाही. तुमच्याकडं कुणी नास किंवा सर्व्हर बसवायला आला तर त्याला जाऊ देण्याआधी ऑफिसातल्या सगळ्यात साध्या लॉगिननं, प्रत्येक मोठ्या फोल्डरमध्ये एक फाइल नवीन करायला, नाव बदलायला, डिलीट करायला आणि एक एक्सेल उघडून दोनदा सेव्ह करायला लावा. कुठलंही सेटिंग बदललं की परत तेच. आम्ही आता त्याचा कागद काढून नासच्या वरच चिकटवलाय, त्यावर तारीख आणि सही करावी लागते, मागच्या महिन्यात नवीन फोल्डर केला तेव्हा त्याच कागदामुळं एक परमिशन राहिलेली सापडली.

काही विचारायचं असेल तर खाली विचारा, ऑडिटचे दिवस सोडून उत्तर देते.